रिकामी जागा

सत्तरीत मी प्रोग्रॅमिंग शिकतो आहे. गुरू आमची नात. गुरुकुल चिंचवडचा आमचाच ब्लॉक. पहिला धडा छापा-काट्याचा. आपण अंदाज टाइप करायचा, पायथनचे 'रँडम' नाणे उडवणार, 'इफ' दोन्ही ताडून पाहणार. दहा डाव खेळलो, दहाही हरलो!

"आजोबा, 'छापा'पुढे तुम्ही रिकामी जागा सोडताय. त्याला तो वेगळाच शब्द वाटतो."

रिकामी जागा! १९७८ साली भोसरीच्या कारखान्यात तीही एकच होती. उमेदवार आम्ही दोघे. फोरमनसाहेबांनी नाणे उडवले. मी 'छापा' म्हणालो, छापाच आला. जोडीदार गावाकडे परतला.

हल्ली मी त्याच्या वतीने 'काटा' टाइप करतो. निम्म्या वेळा तो जिंकतो.