अ‍ॅडलेडला कमी खर्चात कसं फिरलो, आणि तिथं पाहिलेली एक रेघ



महिनाभर इथं नोंद नव्हती म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. नाना, बाग मोडली का काय? बाग जागेवर आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकली, सबकेनचं काम धाकट्या भावावर सोपवलं आणि मी नि सौ. लेकीकडं जाऊन आलो. लेक ऑस्ट्रेलियात असते. राज्य दक्षिण ऑस्ट्रेलिया, राजधानी अ‍ॅडलेड.

आल्यापासून जो तो विचारतो, खर्च किती आला? खरा खर्च विमानाच्या तिकिटाचा. बाकीचा आपल्या हातात असतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची पोरं तिकडं आहेत, त्यांच्या उपयोगाला येईल म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वेळ. तिथले ऋतू आपल्या उलटे. मे-जूनमध्ये थंडी सुरू होते, पर्यटक कमी असतात, म्हणून तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त मिळालं. आम्ही मुंबई-सिंगापूर-अ‍ॅडलेड असे गेलो. स्वेटर, कानटोपी घरूनच न्या, तिथं घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. दिवस लहान असतो, सव्वापाचलाच अंधार. घड्याळ आपल्यापेक्षा चार तास पुढं, म्हणजे भावाला सकाळी फोन लावायचा तर आमची दुपार व्हायची.

दुसरी गोष्ट खास शेतकऱ्यांसाठी. विमानात एक कार्ड भरायला देतात. त्यात विचारतात की गेल्या तीस दिवसांत शेतात, जनावरांत गेला होता का. सौ. म्हणाली, नाही लिहा, कशाला झंझट. मी हो लिहिलं. साहेबानं बुटांचे तळवे उलटे करून पाहिले, माती नव्हती, सोडलं. मी निघायच्या आधी बूट ब्रशनं घासून धुतले होते. खायच्या वस्तूही सगळ्या लिहायच्या. लिहून दाखवलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर मोठा दंड बसतो. आमचे पेढे गेले, दुधाचे म्हणून. मसाला, पापड राहिले. ताजी फळं आणि बियाणं नेऊच नका.

विमानतळ शहराला अगदी लागून आहे. टॅक्सी करू नका, साधी सिटी बस जाते. मेट्रो कार्ड काढलं की बस, रेल्वे, ट्राम तिन्हीला चालतं. एकदा टेकवलं की दोन तासांत कितीही गाड्या बदला, पैसे तेच. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत तिकीट कमी असतं, म्हणून आम्ही न्याहारी करूनच निघायचो. मधल्या शहरात तर ट्राम फुकट, शिवाय शहराला फेरी मारणाऱ्या ९८ आणि ९९ नंबरच्या बसही फुकट.

शहर पाहण्यासारखं आहे. १८३७ साली कर्नल लाइट नावाच्या माणसानं चौकोन आखून मांडलं आणि भोवती सगळीकडून मोकळी हिरवळ सोडली. ती आजही तशीच आहे. नॉर्थ टेरेस नावाच्या एकाच रस्त्यावर संग्रहालय, कलादालन, ग्रंथालय आणि पुढं बोटॅनिक गार्डन. चारही ठिकाणी तिकीट नाही. बेलेअरला रेल्वेनं गेलो. स्टेशनाला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, पायी जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत. तिथं झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला सौ.ला दिसला, मला बोट दाखवल्यावरही पाच मिनिटं दिसला नाही.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलात एका जेवणाला लागतात तेवढ्यात घरी दोन दिवस निघतात. सेंट्रल मार्केट म्हणून १८६९ पासूनचा बाजार आहे. शनिवारी दुपारी बंद व्हायच्या आधी तासभर जायचं. आपल्याकडं बाजार उठताना भाजीवाला जसं उरलेलं देऊन टाकतो, तसेच तिथलेही ओरडून भाव पाडतात. रविवारी बाजार बंद असतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याचं आहे. नातेवाईक नसतील त्यांनी स्वयंपाकघर असलेली राहायची जागा बघावी. गावोगावी कॅरव्हान पार्क असतात, त्यातल्या साध्या खोल्यांत शेगडी-भांडी मिळतात.

मला खरी ओढ होती बरोसाची, द्राक्षाच्या मुलखाची. गॉलर गावापर्यंत शहराच्याच तिकिटात रेल्वे जाते, पुढं बस. तनुंडाजवळ १८४३ साली लावलेली शिराझची बाग अजून उभी आहे. खोडं माणसाच्या मांडीहून जाड. आपण डॉगरीजवर कलम करतो, ही वेल स्वतःच्या मुळावर उभी. कारण मुळं खाणारी फायलोक्झेरा कीड या राज्यात शिरू दिलेली नाही. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात ती आहे. म्हणून बागेच्या फाटकावर पाटी, आत पाय ठेवू नका. मी कुंपणाबाहेरूनच पाहिलं. विमानतळावर बूट का उलटे केले ते तिथं कळलं. तिथं छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. मी जावयाला म्हटलं, आम्ही वेलीला वर्षात दोनदा कात्री लावतो, म्हणून आमची पंधरा-वीस वर्षांत थकते.

आता मुख्य गोष्ट.

एका रविवारी जावयानं गाडी काढली आणि बुर्रा गावाच्या पलीकडं नेलं. अ‍ॅडलेडपासून दीडशे किलोमीटरच्या वर. (गाडी घेतलीत तर दिवेलागणीच्या आत परत या, कांगारू आडवे येतात.) गाव सुटलं तसं शेत विरळ झालं आणि खुरटी झुडपं लागली. माळावर दगडी घर उभं, भिंती चांगल्या, छप्पर नाही. थोडं पुढं दुसरं. मी विचारलं, इथं काय झालं?

जावयानं सांगितलं ते असं. १८६५ साली दुष्काळात गॉयडर नावाचा सरकारी मोजणी अधिकारी घोड्यावर फिरला आणि झाडझुडूप बघून नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला पीक घ्या, उत्तरेला फक्त जनावरं चारा, तिथं पावसाचा भरवसा नाही. पुढं काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोक गॉयडरला हसायला लागले, म्हणाले नांगर चालला की त्याच्यामागं पाऊस येतो. १८७४ ला सरकारनंही रेघेची अट काढली. माणसं उत्तरेला गेली, दगडी घरं बांधली, गहू पेरला. १८८० नंतर पाऊस हटला. घरं तिथंच राहिली, माणसं निघून गेली.

मी त्या घरात उभा राहिलो. चुलीची जागा काळी होती. सौ. बाहेरूनच म्हणाली, "आपल्या वरच्या माळासारखंच दिसतंय हो."

ते मला लागलं. जे जुने वाचक आहेत त्यांना ठाऊक आहे, वरच्या माळावर दोन एकर नवी बाग लावायचं मी जानेवारीतच लिहिलं होतं. बँकेत कर्जाची फाईल तयार होती. भाऊ नको म्हणत होता, माळावरच्या विहिरीचा भरवसा नाही म्हणत होता. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो की तुझ्यात हिंमतच नाही. महिनाभर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. माझा हिशोब एवढाच की गेली तीन वर्षं विहीर आटली नाही.

घरी आल्यावर आधी पावसाची वही काढली. १९ वर्षांच्या नोंदी आहेत. त्यातल्या ८ वर्षांत माळावरची विहीर महाशिवरात्रीच्या आत तळाला गेलेली. माझ्याच हातानं लिहिलेलं, आणि मी तीनच वर्षं वाचत होतो.

संध्याकाळी भावाकडं गेलो. वही त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, तू बरोबर होतास. तो वही न बघताच म्हणाला, "चहा घे आधी, दादा." बँकेतून फाईल परत आणली. ज्यांनी लेकीकडं जाऊन आलो म्हणून साखर वाटायला सांगितली होती, त्यांनी घरी यावं, पेढे इथलेच आहेत.

आजची नोंद: पाऊस ११ मि.मी. खालच्या बागेत सबकेन चांगले, करप्यावर लक्ष आहे. वरच्या माळावर वापसा आला की मटकी आणि हुलगे पेरणार.