बाद, पण कशामुळे?

"आपली प्रवेशिका नियमभंगामुळे अपात्र ठरली आहे. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील." ऑनलाइन छायाचित्र स्पर्धेत कधी भाग घेतला असेल, तर हे पत्र तुम्हाला ओळखीचं असेल. त्यात सौजन्य असतं, शुद्धलेखनही बरं असतं. नसते ती फक्त माहिती. कोणता नियम मोडला, तो फोटोत कुठे दिसला, कुणी तपासलं आणि त्यावर मला काही म्हणता येईल का, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही. नांदेड-लातूरकडच्या स्पर्धांमध्ये फोटोंची छाननी करता करता माझं मत पक्कं झालंय: स्पर्धेची पत पहिल्या बक्षिसाच्या फोटोवर ठरत नाही, बाद केलेल्यांना आपण काय कळवलं यावर ठरते.

हरलेल्याची समजूत लवकर निघते. परीक्षकाला आवडला नसेल, पुढच्या वर्षी बघू, म्हणून तो मोकळा होतो. बाद झालेल्याच्या कपाळी मात्र शिक्का बसतो. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात. वॉट्सअॅपच्या गटात संध्याकाळपर्यंत "त्यानं दुसऱ्याचा फोटो टाकला होता म्हणे" सुरू होतं. खरं कारण एवढंच असतं की फाइल ठरल्यापेक्षा थोडी लहान होती. कारण सांगितलं नाही की लोक सगळ्यांत वाईट कारण गृहीत धरतात. माळेगावच्या यात्रेत कुस्ती लागते तेव्हा पाठ टेकली की नाही हे आखाड्याभोवती बसलेल्या सगळ्यांना दिसतं. पंच चुकला तर बोंब तिथल्या तिथे उठते. ऑनलाइन स्पर्धेला असा आखाडाच नाही. तिथे जे दिसत नाही, ते लिहूनच दाखवावं लागतं.

आमच्याकडे स्पर्धांचा हंगाम १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला सुरू होतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि मग दसरा. दसऱ्याला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची महल्ल्याची मिरवणूक निघते. निशाणं, घोडे, उपसलेल्या तलवारी, निळ्या फेट्यांचे निहंग. नांदेडात कॅमेरा असलेला माणूस त्या दिवशी घरी बसत नाही. अशाच मिरवणुकीचा एक फोटो उत्सव विभागात माझ्यासमोर आला. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, स्वार किंचित मागे रेललेला, मागे धुळीत उतरलेलं ऊन. पहिल्या नजरेत बक्षिसाचा फोटो. पण आपल्या शहरातल्या रस्त्यावर एवढं मोकळं आभाळ कुठलं? मी तो स्क्रीनवर दुप्पट मोठा करून पाहिला. निशाणाच्या काठीलगत विजेच्या तारेचा करंगळीएवढा तुकडा काहीही आधार नसताना हवेत लटकत होता. बाकीची तार पुसून टाकली होती. पुसताना शेजारचं आभाळ उचलून चिकटवलेलं, त्यामुळे ढगाचा एकच पुंजका थोड्या अंतरावर दोनदा उमटलेला.

आयोजकांनी नेहमीचंच पत्र धाडलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. "सर, तारा काढल्या तर काय बिघडलं? तारा काय मिरवणुकीतल्या हायत का, त्या तर बोर्डाच्या!" मला हसू आलं, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. नियमावलीत लिहिलं होतं: किरकोळ एडिटिंग चालेल. तार पुसणं त्याच्या लेखी किरकोळ, माझ्या लेखी नाही. त्यानं फसवलं नव्हतं. आम्ही रेघ ओढलीच नव्हती आणि ती ओलांडली म्हणून त्याला बाद केलं होतं.

त्या फोननंतर पत्राचा मसुदा मी स्वतः लिहायला लागलो. तोच निर्णय आज मी असा कळवीन: "विभाग: उत्सव, वार्तांकन. नियम ४: दृश्यात असलेली वस्तू काढू नये, नसलेली घालू नये. आपल्या चित्रात वरच्या उजव्या कोपऱ्यात, निशाणाच्या काठीजवळ, तार पुसल्याच्या खुणा आहेत. सोबतच्या प्रतीत ती जागा लाल चौकटीत दाखवली आहे. दोन परीक्षकांनी ती वेगवेगळी पाहिली. मूळ फाइल सात दिवसांत पाठवल्यास फेरतपासणी करू. हा निर्णय या चित्रापुरता आहे." शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फोटो बाद होतो, माणूस नाही.

विभागाचं नावही मी मुद्दाम आधी लिहितो. हाच फोटो मुक्त विभागात असता, तर तार पुसल्याबद्दल कुणी बोट दाखवलं नसतं. निसर्ग विभागात नियम आणखी कडक. छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय सलोनांमध्ये निसर्गचित्राची जी व्याख्या चालते, तीत कातरणं चालतं, सेन्सरवरच्या धुळीचा डाग आणि नॉइज काढणं चालतं; पण पक्ष्यासमोर आलेली काडी पुसणं चालत नाही. धूळ कॅमेऱ्याची, काडी निसर्गाची. विष्णुपुरीच्या जलाशयावर बगळे टिपणाऱ्या नवख्यालाही एवढं सांगितलं की रेघ कुठे आहे ते कळतं.

सगळेच दोष एका मापानं मोजायचे नसतात. काही दुरुस्त होण्यासारखे असतात. आमच्याकडची मुलं फोटो वॉट्सअॅपवर दुसऱ्या फोनला पाठवतात आणि तिथून उतरवून स्पर्धेत टाकतात. त्यात फाइल आक्रसते आणि तारीख, कॅमेरा, लेन्स ही तिच्यातली नोंद पुसली जाते. नोंद नाही म्हणजे फोटो चोरीचा, असं धरून चालणारे आयोजक मी पाहिलेत. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर नोंद शाबूत राहिली असती. कॅमेऱ्याची बॅटरी फार दिवस बाहेर राहिली की घड्याळ मूळपदावर जातं आणि सहस्रकुंडच्या भर पावसाळ्यातल्या धबधब्यावर १ जानेवारीची तारीख पडते. अशा वेळी आधी मूळ फाइल मागावी, आजूबाजूचे चार फोटो मागावेत. दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या नावावर टाकणं किंवा दृश्यच बदलणं हा गुन्हा निराळा. दोन्हींना एकच 'नियमभंग' लावणं म्हणजे तिकीट हरवलेल्याला आणि खिसेकापूला एकाच बाकावर बसवणं.

तारीख, आकार, मुदत हे यंत्रानं तपासायचे नियम आहेत आणि ते आधीच स्वच्छ लिहिता येतात. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांची ऑनलाइन स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. भारत २०१२ मध्ये तीत उतरला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोला आंतरराष्ट्रीय पहिलं बक्षीस मिळालं. तिथला नियम साधा आहे: फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा, केव्हाही काढलेला चालेल, पण स्पर्धेच्या मुदतीतच चढवायला हवा. म्हणजे कंधारच्या किल्ल्याचा खंदक तुम्ही दहा वर्षांपूर्वी टिपला असेल तरी हरकत नाही. मुदत उलटल्यावर एका दिवसानं टाकाल तर तो स्पर्धेत धरला जाणार नाही. कडक आहे, पण यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. वाद घालायला जागाच उरत नाही.

जिथे मर्जीचा संशय येऊ शकतो, तिथे मोठ्या संस्थांनाही ठेचा लागल्यात. २०१० मध्ये 'वर्ल्ड प्रेस फोटो'नं स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं. त्यानं चित्राच्या कडेला डोकावणारा एका पायाचा लहानसा भाग पुसला होता. चित्र कातरणं, गडद करणं चाललं. पाऊल पुसणं चाललं नाही. कारण जाहीर केल्यामुळे हे उदाहरण आजही वर्गात शिकवायला उपयोगी पडतं. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे पंचमांश प्रवेशिका फेरफारामुळे गळाल्या. 'फेरफार' म्हणजे नेमकं काय, यावर जगभर वाद पेटला आणि पुढच्या स्पर्धेआधी संस्थेला आचारसंहिता काढून नियम नव्यानं समजावून सांगावे लागले.

माझ्या मते नमुना घ्यावा तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा. तिथल्या वन्यजीव स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या एका फोटोला बक्षीस मिळालं: रात्रीच्या अंधारात लुकलुकणाऱ्या वारुळावर तुटून पडलेला मुंगीखाऊ. पुढे शंका आली की हा प्राणी पेंढा भरलेला आहे. म्युझियमनं पाच शास्त्रज्ञांना एकमेकांशी न बोलता तपासायला लावलं. अंगावरच्या खुणा, केसांचे उभे झुपके, उभं राहण्याची ढब, सगळं फोटो जिथे काढला त्या उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी जुळलं. छायाचित्रकाराकडून आधीच्या-नंतरच्या मूळ फाइली मागवल्या. त्या आल्या, पण एकीतही प्राणी नव्हता. त्यानं आरोप नाकारला, तेही म्युझियमनं सांगितलं. मग एप्रिल २०१८ मध्ये निर्णय जाहीर झाला. कोणी काय पाहिलं आणि समोरच्याचं म्हणणं काय होतं, दोन्ही वाचकापुढे.

आमच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांना पाच शास्त्रज्ञ कुठून मिळणार? पण दोन माणसांनी वेगवेगळं पाहणं, लाल चौकट काढणं आणि सात दिवस थांबणं याला पैसा लागत नाही. निकालाआधी हे उरकलं तर कुणाचं बक्षीस काढून घेण्याची वेळही येत नाही. नाव मात्र जाहीर करू नये. कारणांची यादी नावांशिवाय लावावी.

नव्या काळाचा पेच एआयचा आहे. 'एआय चालणार नाही' एवढं लिहिणं पुन्हा 'किरकोळ एडिटिंग'सारखंच गुळमुळीत. हातातला मोबाइलच रात्रीचा फोटो अनेक फ्रेम एकत्र करून बनवतो. नॉइज काढणारं सॉफ्टवेअरही एआयच वापरतं. बाद करायचं ते दृश्यात नसलेलं काही बनवून घातलं म्हणून. २०२४ मध्ये याची उलटी गंमत झाली: अमेरिकेतल्या एका स्पर्धेत एआय विभागात बक्षीस मिळवणारा फ्लेमिंगो खऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेला निघाला आणि खरा म्हणूनच बाद झाला. विभाग स्पष्ट होता, त्यामुळे कारण एका ओळीत सांगता आलं.

नियमावली एका बैठकीत कधीच पुरी होत नाही. यंदा बाद केलेल्या प्रत्येक फोटोचं कारण नीट लिहून ठेवलं, तर पुढच्या वर्षीचे निम्मे नियम तयार मिळतात. आमच्या उत्सव विभागात आता छापलेलं असतं: विजेच्या तारा, फ्लेक्स, मोबाइल धरलेले हात, काहीही पुसू नये, नको असतील तर जागा बदलून फोटो काढावा. आता दसऱ्याला मुलं तारा टाळायला गुडघ्यावर बसतात, गच्च्या शोधतात. त्यांचे फोटोही पूर्वीपेक्षा चांगले येतात.