टॉकीजला कुठला आला इतिहास!

नागपूर

चि. छोटूस,


तुझं पत्र वाचलं आणि दुपारची झोप गेली. "बांधकामाचं साल तेवढं कळवा, बाकी टॉकीजला कुठला आला इतिहास" हे लिहायला तुझा हात धजला कसा? नानाआजोबांच्या घरात वाढलेला पोरगा तू! ते असते तर चष्मा कपाळावर सरकवून नुसतं बघितलं असतं तुझ्याकडे. पुढचं तुला ठाऊक आहे.

व्हेरायटी चौकातून रोज कॉलेजला जायचास ना? तिथे महात्माजींचा पुतळा आहे. गावातली धरणी, निदर्शनं त्याच्याच पायाशी होतात. तरी चौक व्हेरायटी टॉकीजचाच! पडदा केव्हाच गेला, पण सीताबर्डीत कुठल्याही ऑटोवाल्याला विचार, पत्ता हाच सांगेल. पंचशील चौकाचं तेच, सदरच्या लिबर्टीचं तेच. ठराव करून, पाट्या लावून जे साधत नाही ते तिकिटाच्या खिडकीनं साधलं. याला इतिहास नाही म्हणायचं तर काय सातबारा म्हणायचं?

पुण्याच्या 'प्रभात'चं मात्र तू तोंड भरून कौतुक केलंस. १९३४चं थिएटर, आप्पा बळवंत चौक, मोठ्या कंपनीचं नाव. बरोबर आहे. पण वास्तू किबे कुटुंबाची होती, हे विसरलास. २०१४च्या अखेरीस करार संपला आणि ते 'किबे लक्ष्मी' झालं. म्हणजे तिथेही नाव, मालक आणि इमारत यांच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक साल टिपून त्यातली कुठली कळते, सांग बघू.

साल सोड. आधी ऑपरेटरची खोली बघ. तिचा जिना बहुधा बाहेरून असायचा, प्रेक्षकांतून नाही. कारण पूर्वीची फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळते. म्हणून भिंतीतल्या झरोक्यांना लोखंडी झडपा. आग लागली की धाडकन खाली. आत दोन मशिनी, कार्बनच्या कांड्यांचा डोळे दिपवणारा उजेड. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरी मशीन चालू करायचा. आपण खाली शिट्ट्या मारत असायचो, आणि वर तो माणूस मे महिन्याच्या नागपुरात त्या भट्टीत उभा! खाली निम्मी मॅटिनी तर कूलरच्या गारव्यासाठीच भरायची.  

आणि फिल्मच्या पेट्या! रेल्वेनं यायच्या. अमरावती म्हणजे वितरकांचं ठाणं. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला आजही 'सी.पी. बेरार' म्हणतात, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५०मध्ये त्या प्रांताचं मध्य प्रदेश झालं, १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात गेलो, नागपूरची राजधानी गेली. नकाशावरून पुसलेला प्रांत फक्त सिनेमावाल्यांच्या हिशेबात उरला. तुला याचं काहीच वाटत नाही?

मला खरी काळजी कागदांची आहे. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून टॉकीजला जिल्हा दंडाधिकाऱ्याचा परवाना लागायचा. अर्जासोबत इमारतीचे नकाशे जायचे. दारं किती, रुंद किती, खुर्च्यांच्या रांगांत वाट किती, सगळं त्यात. अशा फायलींतून एखाद्या टॉकीजचं अख्खं आयुष्य उभं करता येईल. पण राजधानी हलली, दप्तरं हलली, आणि आपल्याकडे जुन्या दप्तराचं काय होतं हे तू आपल्या वाड्याच्या भांडणात बघितलंच आहेस. मालकांकडचे गल्ल्याचे हिशेब तर इमारत विकताना थेट रद्दीत जातात. मॉल उभा राहिला की भिंतही नाही, कागदही नाही. मग शोधत बसा साल!

तेव्हा असं कर. त्या परवान्यांच्या फायली बघायला नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाला आजच अर्ज पाठव, दिवाळीत येशील तोवर परवानगी मिळेल. पण त्याआधी एका शनिवार-रविवारी ये आणि जुने ऑपरेटर, गेटकीपर गाठ. त्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत. मी सोबत येतो. मोबाइल समोर धरून मुलाखत घेऊ नकोस, म्हातारे बुजतात. वही आण.

तुझा,
मामा