सावलीपुरतं वास्तव

पडद्यावरचं बटण खरं नसतं. तिथे खाच नाही, उंचवटा नाही. बोटाला लागते ती फक्त गुळगुळीत काच. तरीही बोट नेमकं तिथेच जातं, कारण डोळ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. डोळ्यांचं हे सांगणं मला पडद्यावरच्या साऱ्या कलेचं मर्म वाटतं.

2012चा आयफोन आठवा. टिपणवही पिवळी, रेघांची. पुस्तकांना लाकडी फडताळ. खेळांच्या दालनात पत्त्यांच्या टेबलावरचं हिरवं कापड. मित्रांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या अ‍ॅपला तर टाके घातलेलं चामडं! काचेला नवख्या असलेल्या हातांना त्या ओळखीच्या खुणा होत्या. त्या फडताळाची मला अजूनही माया वाटते. पण चामड्याच्या टाक्यांमुळे कुणाचा मित्र लवकर सापडला नाही.

2013च्या सप्टेंबरात आयफोनची नवी प्रणाली, आयओएस 7, आली. अ‍ॅपलचे डिझाइनप्रमुख जॉनी आइव्ह यांच्या देखरेखीखाली लाकूड, कापड, चामडं सगळं गेलं. पांढरीशुभ्र पानं, सडसडीत अक्षरं, मोकळी हवा. सुंदरच होतं ते. मात्र चामड्याबरोबर बटणांच्या कडाही गेल्या. मागे उरला नुसता रंगीत शब्द. तो वाचायचा की दाबायचा, कळेना. पुढच्याच वर्षी 7.1मध्ये बटणांना आकार देण्याची सोय सेटिंग्जमध्ये करावी लागली.

त्याच 2014 साली गुगलने ‘मटेरियल डिझाइन’ मांडलं. त्यात कागदाचा पोत नाही, पण कागदाची सावली आहे. कोणता थर वर, कोणता खाली, एवढंच ती सांगते आणि बाजूला होते.

सजावट गाळून खूण राखण्याचा हा तोल सुझन केअर यांना 1984मध्येच साधला होता. अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉश संगणकासाठी त्यांनी 32 बाय 32 चौकटींत, फक्त काळ्या-पांढऱ्यात चिन्हं काढली. कचऱ्याच्या डब्याला एक झाकण आणि काही उभ्या रेघा. ठिपक्यांच्या रांगोळीत कासव उमटावं तसा डबा उमटला. पत्र्याची चकाकी कुणाला आठवलीही नाही.

म्हणून वाटतं, रेघ पुसण्याआधी विचारावं: ही गेली तर बोट अडखळेल का? अडखळणार नसेल, तर ती कितीही देखणी असो, खुशाल जाऊ द्यावी. अडखळणार असेल, तर ती सजावट नाहीच. आता बँक, रेल्वेचं तिकीट, शेतकऱ्याचा सातबारासुद्धा पडद्यावर आला आहे. तिथे अडखळलेलं बोट म्हणजे कुणाचं तरी अडलेलं काम.