हंड्याचं बाँडिंग

घाटकोपरची चाळ सोडून मुलुंडला चौदाव्या मजल्यावर आलो, तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये सगळ्याला जागा मिळाली. मायक्रोवेव्हला, माझ्या कम्प्युटर टेबलला, अगदी बाबांच्या जुन्या बॅडमिंटन रॅकेटलासुद्धा. जागा नव्हती ती फक्त आजीच्या तांब्याच्या हंड्याला. "मोडीत देऊन टाक," आई म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. आजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी हंडा उचलला आणि थेट एका तांबटकाकांकडे नेला. चाळीच्या नळावर वर्षानुवर्षं आदळून त्याला पोचेच पोचे पडले होते. "काका, निघतील?" "निघतील की. तांबं आहे, काच नव्हे!" त्यांनी आधी हंडा चांगला तापवला. नुसतं ठोकत राहिलं तर तांबं कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. तापवलं की पुन्हा मऊ. (डेडलाइनवाल्या बॉसलोकांनो, नोट करा!)

बारावीला केमिस्ट्रीत मी काठावर पास. म्हणून तर मास कॉम! पण त्या रात्री नेटवर वाचत बसले आणि चक्क पटलं. धातूतला प्रत्येक अणू आपले बाहेरचे एक-दोन इलेक्ट्रॉन कॉमन पूलमध्ये टाकतो. मग ते कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांमध्ये फिरतात. पॉल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने 1900 साली हे मोकळ्या इलेक्ट्रॉन्सचं चित्र मांडलं. पुढे क्वांटम थिअरीने त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण गाभा टिकला. हातोडा बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण हा सामायिक साठा त्यांना धरून ठेवतो. मिठाच्या खड्यात मात्र इलेक्ट्रॉन ज्याचे त्याच्याकडे. थर सरकला की सारखे विद्युतभार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. धातूतले हेच मोकळे इलेक्ट्रॉन वीज आणि उष्णताही वाहून नेतात. म्हणून लोकलच्या डोक्यावरची तार तांब्याची आणि आजीचा बंबही तांब्याचा.

थोडक्यात, तांबं म्हणजे आमची चाळ. दारं उघडी, साखर कुणाचीही, पोरं सगळ्यांची. आणि चौदावा मजला? खडेमीठ! तीन आठवडे झाले तरी समोरच्यांचं आडनाव फक्त पाटीवर वाचलेलं.

चकचकीत हंडा घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले आणि तो हातातून निसटला. ठण्णऽऽ! प्लास्टिकची बादली असती तर कुणाला कळलंही नसतं. इथे चारही दारं उघडली. "काय पडलं गं?" समोरच्या काकूंनी विचारलं आणि हंडा बघून त्या तिथेच थबकल्या. "आमच्याकडे होता अस्साच. मोडीत दिला. अजून चुटपुट लागते."

आईने त्यांना चहाला आत बोलावलं. नव्या घरातला पहिला पाहुणा! दोघी दोन तास बोलत होत्या, जास्त करून आजीबद्दल.

हंडा आता दाराशीच असतो. त्याला एक नवा पोचा पडलाय. काढायची मला अजिबात घाई नाही.