चाळीतून चाळीत आलेलं सामान

पुण्याहून नाशिकला जाताना तुम्ही आळेफाट्यावर चहाला थांबला असाल. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते इथे एकमेकांना छेदतात. नगरचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण फाट्यावर गाडीची वाट बघणारी माणसं अजून 'नगर रोड'च म्हणतात. फाटा सगळ्यांनी पाहिलेला असतो, आमचं आळे गाव मात्र थोड्यांनी. जे येतात ते रेड्याच्या समाधीचं दर्शन घ्यायला येतात. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथे आहे अशी परंपरा आहे. चैत्रात यात्रा भरते, आणि मग गावचे सगळे मुंबईकर घरी येतात.

हे मुंबईकर एकटे येत नाहीत, त्यांच्या मागोमाग त्यांचं सामानही येतं. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांतली माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कुणी डबे पोचवले, कुणी भाजीबाजारात पाट्या उचलल्या आणि एका खोलीत संसार केले. आता त्या चाळी पडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात. नव्या घरात नवं फर्निचर हवं असतं. मग जुनं कपाट, कॉट, खुर्च्या टेंपोत चढतात आणि माळशेज घाट उतरणीऐवजी चढणीने पार करून गावी येतात. "टाकवत नाही, तुम्ही वापरा" असा निरोप सोबत असतोच.

गावी ते उतरतं कुठे? कांद्याच्या चाळीत! आमच्याकडे चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर पडवी. मुंबईच्या चाळीतून निघालेलं सामान गावच्या चाळीत येऊन पडतं, हे ऐकून माझ्या शाळेतल्या मुली फार हसल्या.

आमच्या चाळीतही असं बरंच जमलं होतं. एक आरशाचं कपाट, सोफ्याचा सांगाडा, इराण्याच्या हॉटेलातली एक खुर्ची, लोखंडी कॉट, आणि एक हिरव्या रंगाचा पाळणा. भंगारवाला दर पंधरा दिवसांनी डोकावून जायचा. त्याला काय द्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवणं आपल्याच हाती असतं, भगिनींनो, म्हणून आधी पारख सांगते.

वरच्या पॉलिशवर जाऊ नका. खण बाहेर ओढा, कपाट भिंतीपासून सरकवून मागची बाजू बघा. तिथे कुणी रंगरंगोटी केलेली नसते. कडेला थर दिसले तर प्लायवूड, भुसा सुटत असेल तर दाबलेला भुसा. तो पाण्याने फुगला असेल तर त्यावर पैसा घालू नका. सागवान असेल तर कोपऱ्यात पॉलिशपेपर चार वेळा घासताच चामड्यासारखा तेलकट वास येतो. सांध्यांत खिळे आहेत की एकात एक खाचा बसवल्या आहेत तेही पाहा. खाचांचं काम असेल तर डुगडुगणारं कपाटसुद्धा सुतार एका दुपारात घट्ट करतो. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजं पीठ पडत असेल, तर किडा अजून आत आहे. त्याचा बंदोबस्त होईपर्यंत ती वस्तू घरात आणायची नाही. आणि गादीच्या शिवणी उलगडून ढेकूण बघायला विसरू नका. मुंबईच्या सामानाबरोबर हे पाहुणे हमखास येतात.

आमचं कपाट सागवानी निघालं. अशा लाकडावर ऑइलपेंट फासणं मला पटत नाही. जुनं पॉलिश कशाचं आहे ते ओळखायला स्पिरिटचा बोळा एका जागी थोडा वेळ धरा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटने उतरतं आणि चपड्यानेच पुन्हा चढतं. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून गाळा. कापसाची गुंडी मलमलीत बांधून पातळ पातळ हात द्या. एक जाड हात देण्यापेक्षा सहा पातळ हात बरे. जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही नको, स्पिरिट पेट घेतं. हे काम पावसाळ्यात काढू नका; दमट हवेत चपड्यावर पांढुरकी झाक येते. आमच्याकडे दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतची कोरडी हवा सगळ्यांत चांगली. मात्र काम उन्हं आहेत तोवरच. जुन्नर तालुक्यात बिबट्याची भीती असते, तेव्हा दिवेलागणीनंतर अंगणात वाकून घासत बसायची सोय नाही.

आता पाळण्याचं सांगते, कारण लेख लिहायला बसले ती खरी त्यासाठीच.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. सासूबाईंच्या मनात तोच पाळणा होता. चुलतसासऱ्यांची तीन मुलं मुंबईला त्यात वाढली. वरचा हिरवा रंग पोपडे धरत होता, खालून निळा आणि त्याखालून लाल डोकावत होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वरून एक हात मारून घे, झालं नवं." मी म्हटलं, "आई, या रंगाला मूल तोंड लावेल."

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंग भडक दिसावा, लवकर वाळावा म्हणून ते घालत. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून ते लागू झाले; दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं आता चालत नाही. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही वस्तूवर शंका घ्यायला जागा आहे. दात येणारं मूल कठडा चावतं, पोपडे तोंडात घालतं. शिशाने रक्त कमी होतं, आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण माहीत नाही.

"तीन पोरं वाढली त्यात, कुणाला काय झालं?" सासूबाईंचा हा प्रश्न तुमच्याही घरी येईल. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "आई, शिशाचं ताप-खोकल्यासारखं दिसत नाही. पोर अभ्यासात मागे पडतं, चिडचिड करतं, आणि आपण त्यालाच ढ म्हणतो." मी अर्धवेळ का होईना, शिकवते, म्हणून हे बोलणं त्यांना लागलं असावं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाळणा तोच राहील. रंग काढायचा तर काढ."

रंग काढायचा तो कोरडा घासून नव्हे. कोरड्या घासण्याने धूळ उडते, आणि अंगणात आपण बाजरी वाळवतो, मुलं रांगतात. गरम हवेने किंवा दिव्याने जाळून तर मुळीच नको, त्याची वाफ वाईट. आमच्या रंगाऱ्याने चाळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तोंडाला मास्क बांधला, साबणाच्या पाण्याने लाकूड ओलं ठेवत खरवडणी आणि वॉटरपेपरने एकेक थर काढला. नणंदेला त्या दिवसांत तिकडे फिरकू दिलं नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांनी लांबच राहायचं. निघालेला सगळा लगदा पिशवीत बांधून टाकला, उकिरड्यावर नाही, कारण उकिरड्याचं खत शेतात जातं. काम झाल्यावर सगळी जागा ओल्या फडक्याने पुसली आणि ती फडकीही त्याच पिशवीत गेली.

याच धाग्यातली एक गोष्ट, ती फार घरांत होते. मोडक्या रंगीत खिडक्या, खुर्च्यांचे पाय आपण बंबात नाहीतर चुलीत घालतो. रंगवलेलं जुनं लाकूड जाळू नका. धूर आपल्याच घरात राहतो आणि राख आपण भांड्यांना लावतो.

खालून लाकूड निघालं ते पिवळसर तपकिरी, सुरेख. मी त्यावर पुन्हा रंग दिला नाही, चपड्याचे चार पातळ हात दिले. सासूबाईंना शंका होती, "लाख चाटली तर?" औषधाच्या गोळ्यांवरचं चकचकीत वेष्टन बऱ्याचदा याच चपड्याचं असतं, हे सांगितल्यावर त्या निवांत झाल्या. मात्र स्पिरिट पूर्ण उडून जायला हवं. पाळणा आठ दिवस वाऱ्यावर ठेवला, नाक लावून वास घेतला, आणि मगच घरात टांगला. तुम्हाला रंगच हवा असेल तर डब्यावर 'शिसेविरहित' छापलेलं वाचून घ्या.

सोफ्याची हकीकत छोटी आहे. सांगाडा भक्कम होता, गाद्या गेलेल्या. फाट्यावर जीप आणि ट्रकच्या सीटा शिवणारे कारागीर बसतात, त्यांच्याकडे काम दिलं. रोज खड्डे खाणाऱ्या सीटा शिवणाऱ्याला घरातला सोफा म्हणजे खेळ. फोम विकत घेताना नुसती जाडी सांगू नका, घनताही विचारा; बैठकीला ४० घनतेचा, पाठीला ३२चा पुरतो. खाली नवीन पट्ट्या ताणून बसवायला सांगा, नाहीतर वर्षभरात खळगा पडतो. ५४ इंच पन्ह्याच्या कापडात २२ इंची दोन गाद्यांचे वरचे तुकडे शेजारी बसतात, त्या हिशेबाने कापड घ्या. मी कापड घेतलंच नाही, सोलापुरी चादरी वापरल्या. जाड, सुती, धुवायला सोप्या, आणि नक्षी दोन्ही अंगांनी दिसते. आटतात, म्हणून शिवण्याआधी दोनदा धुवा, आणि नक्षीचा मध्य गादीच्या मध्यावर येतोय ना ते उभं राहून बघा. रेक्झिन लवकर पुसता येतं खरं, पण वैशाखात त्यावर बसून बघा म्हणजे कळेल.

इराणी हॉटेलातली खुर्ची मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची ही तऱ्हा व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली बाजारात आणली. हॉटेलं बंद पडत गेली तशा तिच्या बहिणी जुन्या बाजारात आणि तिथून कुठे कुठे गेल्या. हिचे सांधे स्क्रूवर असतात. डुगडुगली तर फेव्हिकॉल ओतायचं नाही, स्क्रू आवळायचे. वेताची जाळी फाटलीय. वेत विणणारी माणसं आता शोधावी लागतात. पूर्वी अंधशाळांतून हे काम शिकवत, आणि बोटांनी विणलेली ती जाळी वर्षानुवर्षं टिके. पुण्यात चौकशी चालू आहे.

राहिली लोखंडी कॉट. तिच्यावरही जुना रंग आहे, तेव्हा तीही ओलीच घासायची, पण लगेच पुसून उन्हात वाळवायची, नाहीतर गंज धरतो. मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर एनॅमलचे दोन. यात्रेआधी होईलसं दिसत नाही. यंदाही मुंबईकरांना सतरंजीवरच झोपावं लागेल.