आटवलेले कापड

मागावर होणारे आणि सुयांवर होणारे, अशा दोन्ही कामांना मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द आहे. सोलापुरात वस्त्रविद्या शिकणाऱ्याची पहिली गफलत इथेच होते. मागावर उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो आणि फणी तो ठोकून बसवते. सुयांच्या विणकाम यंत्रावर मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात. फास सोलापूरला अनोळखी नाहीत. टेरी टॉवेल त्यांचाच. पण टॉवेलात ते सैल सोडलेल्या दुसऱ्या ताण्याचे असतात आणि पक्क्या जमिनीवर उभे राहतात. यंत्रावरच्या कापडाला अशी जमीनच नसते. म्हणून ते ताणले जाते, कडेला गुंडाळते आणि एक टाका सुटला की खाली उसवत जाते.

यंत्र तसे जुनेच. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट १५८९ मध्ये केली, सोलापूरची जुनी गिरणी सुरू होण्याच्या जवळजवळ तीन शतके आधी. शिकाऊ हातात येते ते बहुधा २०० सुयांचे सपाट यंत्र; दोन सुयांत ४.५ मिलिमीटर अंतर. सुईच्या टोकाला आकडा आणि त्यावर उघडझाप करणारी बारीक जिभली असते.

खरी गंमत कापड यंत्रावरून उतरल्यावर सुरू होते. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे मिळाले की केस एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात आणि परत फिरत नाहीत. कापड आटते, जाड होते, टाके दिसेनासे होतात. त्यासाठी विणताना टाके मुद्दाम सैल ठेवावे लागतात. घट्ट विणीत केसांना सरकायला जागाच नसते. सोलापुरी चादरीचे सूत कितीही उकळले तरी असे गुंतून फेल्ट होत नाही, ॲक्रिलिकही नाही. धुलाईयंत्राला चालेल अशी प्रक्रिया केलेली लोकरही दगा देते, कारण तिचे खवले आधीच बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. नमुन्याची लांबी-रुंदी आधी आणि नंतर मोजून वहीत न लिहिणाऱ्याचा प्रयोग वाया गेला असेच समजावे.

लोकर शोधायला लांब जावे लागत नाही. सांगोला, मंगळवेढ्याकडे धनगरांची दख्खनी मेंढरे आहेत. त्यांची लोकर सणगरांच्या मागावर घोंगडी होते, चिंचोक्याची खळ पिऊन कडक बनते. पिंजारी तर सूत न कातताच, लोकर पिंजून, भिजवून, दाबून जेन हे जाड अंथरूण करतात. फेल्टिंग म्हणतात ते हेच. पण ही लोकर भरड. हातकताईचा गाठाळ धागा जिभलीत अडकतो, सुई वाकते. एक सुई सोडून एक वापरली, तर काम चालते, तेही हळू. मऊ मेरिनो यंत्रावर सुरळीत चालते, पण ती इथली नव्हे.

सर्वांत रंगतदार नमुना मिश्र असतो. लोकरीच्या ओळींमध्ये सुती पट्टे घातले की आटवताना लोकर आकसते, सूत आहे तेवढेच राहते, आणि पट्टे फुगून वर येतात. अशा तुकड्यातल्या सुती पट्ट्याला कात्री लावली तर टाके सुटतात. नीट आटलेल्या लोकरीच्या भागाला लावली तर एकही सुटत नाही, कडेला दुमडही घालावी लागत नाही.